आबाजीची हाक

कुरुळीत गोजाबाईच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, भिंतीत अडसराची भोकंसुद्धा शाबूत होती. फळ्याच तेवढ्या नव्हत्या. पावसाळ्यात ती तिथं गोणपाट टांगायची, पाऊस सरला की तेही काढून टाकायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई गरीब असेल. गरीब होतीच, पण गरिबाच्या घरालाही दार असतं की हो! हे दार तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. का उतरवलं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर कुणी विचारत नसे.

बाई मूळची मिरचीसारखी तिखट. नवरा गेला तेव्हा मुलगा सयाजी जेमतेम चालायला लागलेला. त्यांच्या घराकडे गावच्या वेताळाची सेवा होती. माळावर एक उभा धोंडा, भोवती लहान धोंड्यांचं रिंगण. दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावायचा आणि नारळ फोडायचा, एवढंच काम. पण बाईमाणसानं वेताळापुढं उभं राहायचं नाही असा रिवाज. गोजाबाई पदर खोचून चावडीवर गेली आणि म्हणाली, "मग माझं पोरगं मिसरूड फुटंस्तवर देवाला उपाशी ठेवता व्हय?" त्या दिवसापासून सेवा तिच्याकडे आली आणि सेवेबरोबर धाकही आला. पोरगं रडलं, म्हैस आटली, कुणाला झपाटलं की लोक तिच्या दारात. तिनं मुद्दाम कुणाला भिववलं नाही. पण लोक आपल्याला भितात हे तिला आवडायचं. खोटं कशाला बोला!

साल त्रेपन्न. माघ संपत आलेला, ज्वारी निघालेली, खळ्याखळ्यावर कडब्याच्या गंज्या उभ्या राहिलेल्या. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना बांधायचं काम चाललं होतं, आणि शिमगा झाला की सयाजी तिकडे कामाला जाणार होता. पोरगा बावीस वर्षांचा, आईसारखाच तापट. अमावास्येच्या दोन दिवस आधी बांधावरून त्याचं चुलत आजोबांशी, आबाजीशी, कडाक्याचं वाजलं होतं. आबाजी म्हणजे एकटा जीव. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सुगीत टेकाडामागच्या आपल्या गंजीपाशीच घोंगडं टाकून पडायचा. भांडताना सयाजीच्या तोंडून निघून गेलं, "थांब म्हाताऱ्या, तुझी गंजीच पेटवतो!" चार माणसांनी ऐकलं, हसून सोडून दिलं. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो!

अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी गोजाबाई वेताळाला शेंदूर लावून परतली, तर सगळा गाव वेशीपाशी माना वर करून उभा. चाकणच्या अंगानं आभाळात दिव्यांची ओळ आली होती. आवाज नाही की काही नाही. पिवळे दिवे, एकामागं एक, पालखीपुढं दिवट्या निघाव्यात तसे, सावकाश देहूच्या डोंगरांकडे निघालेले. पोरं आयांना चिकटली. पोलीसपाटील रंगराव एरवी मिशीला पीळ देत हिंडायचे, त्यांचा हात मिशीपाशी जाऊन तसाच राहिला. अमावास्या आणि दिवट्या! वेताळाची पालखी निघाली, दुसरं काय असणार?

सगळ्यांनी वळून गोजाबाईकडे पाहिलं. आता काय करायचं ते तिनंच सांगायचं होतं.

पालखी दिसली तर त्याबद्दल बोलायचं नाही, हा जुना नेम. गोजाबाईनं देव्हाऱ्यातून बेल आणि भंडार आणून एकेकाच्या हातावर ठेवला. "शपथ घ्या. पुढच्या अमावास्येला देवाला शेंदूर लागंस्तवर यातलं अवाक्षर काढायचं न्हाई. घराला जावा, दारं लावा. हाक आली तरी ओ देऊ नका." शेवटचं वाक्य तिनं पदरचं घातलं होतं. जुना नेम वेगळा होता. भुताची हाक एकदाच येते. तिसरी आली तर ती माणसाची, तिला ओ द्यावी, असं तिच्या सासूनंच तिला सांगितलं होतं. पण त्या सांजेला एवढा गाव मुकाट्यानं तिच्यापुढं हात पसरून उभा होता, आणि बाईला जरा चढलंच.

लोक वळले तेवढ्यात ओळीतला शेवटचा दिवा सुटला आणि टेकाडामागं उतरला. मग कोण थांबतंय! धडाधड दारं लागली.

गोजाबाईनं सयाजीला आत लोटलं आणि अडसर सरकवला. चुलीवर भाकरी करपत होती. तिनं ती उलटायला हात घातला आणि हाक आली.

"धावा रं! वरनं आग पडली!"

सयाजी ताडकन उठला. "आबाजीआज्जा हाय!"

"गप बस. आज्जा न्हाई त्यो."

पुन्हा हाक आली. "वरनं आग पडली रं, धावा!" फटीतून तांबडा उजेड भिंतीवर हलू लागला. सयाजी दाराकडे गेला, तर ती अडसराला पाठ लावून उभी. "माझं मढं बघशील, भाईर पाऊल टाकलंस तर."

तिसरी हाक आली. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज होता.

"आई," सयाजी रडकुंडीला आला होता, "तिसरी झाली."

तिलाही ती ऐकू आली होती. तिलाही नेम ठाऊक होता. पण ती दारातून हलली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून वाईट म्हणजे, आपणच घातलेली शपथ आपल्याच घरातून मोडली असं लोकांनी म्हणू नये असं वाटत होतं. सयाजीनं आईला हात लावला नाही. हिसका मारून बाजूला केलं असतं तर निदान आबाजी तरी वाचला असता. नंतर हाका थांबल्या.

सकाळी गंजीची राख झाली होती आणि आबाजी त्या राखेशेजारी मिळाला. शिवारातला कडबा पेटला की भांडी घेऊन धावणारा गाव, पण त्या सांजेला एकजणही धावला नव्हता. पोलीस आले. गंजी कुणी पेटवली? बोलायचं नाही अशी शपथ, मग दिव्याचं नाव कोण काढणार? कुणीतरी बांधावरचं भांडण काढलं, कुणाला धमकी आठवली. सयाजी घरात होता हे कुणी पाहिलं? सगळी दारं बंद, त्यामुळे पाहणारं कुणीच नव्हतं. आईखेरीज कुणी नाही. दुपारच्या आत त्याला दोरी लावून नेला. गोजाबाई जीपमागं रस्त्यापर्यंत धावली आणि धुळीत बसून राहिली. शेजारच्या अंबुबाईनं तिला उठवून घरी आणली.

पण दिवे काही एकट्या कुरुळीला दिसले नव्हते. चाकणच्या कांद्याच्या अडत्यांनी पाहिले, एका शाळामास्तरानं पाहिले, आणि त्यांना कुठली आलीय शपथ! त्यांनी सरकारला कळवलं. देहूरोडला दारूगोळ्याची कोठारं, तेव्हा आभाळात कसले दिवे फिरतात ते सरकारला पाहणं भाग होतं. होळीच्या चार दिवस आधी पुण्याहून यशवंतराव नावाचे अधिकारी चौकशीला आले. सरळ माणूस. चावडीत सतरंजीवर बसून त्यांनी एकेकाला बोलावलं.

"आभाळात दिवे दिसले?"

"न्हाई बा."

"तुम्हाला?"

"आमी त्या टायमाला जेवत हुतो, सायेब."

सारा गाव जेवत होता! रंगराव पाटलांनीही खाली बघून तेच सांगितलं. मग गोजाबाई न बोलावता आत शिरली. शपथ मोडली, मोडू दे. तिनं दिवे सांगितले, सुटलेला दिवा सांगितला. यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, त्या दिवशी इकडं आपलं एकही विमान नव्हतं, हे मी बघून आलोय. म्हणजे काहीतरी होतं खरं. पण तुमचा मुलगा कोठडीत आहे. आईनं सांगितलेलं कोर्ट धरत नाही. गावातलं दुसरं कुणी बोललं, वरून काही पडलं एवढं जरी म्हणालं, तर मी तसा अहवाल लिहीन आणि तो कोर्टात जाईल. पाडव्यापर्यंत मी चाकणच्या डाकबंगल्यावर आहे."

मग बाई घरोघर फिरली. जिच्या दारात गाव यायचा, ती गावाच्या दारात गेली. "मीच घातली शपथ, मीच सोडवते." लोक पाया पडायचे आणि आत जायचे. शेवटी तिनं भर पौर्णिमेला जाऊन वेताळाला शेंदूर फासला आणि चावडीवर येऊन लालभडक हात दाखवले. "लागला शेंदूर! आता तरी बोला."

रंगराव म्हणाले, "गोजाबाई, अमावास्या म्हंजे अमावास्या. द्येव काय तुझ्या एकटीच्या घरचा हाय?"

तिचंच बोलणं तिच्यावर उलटलं होतं. ती हात धुवायलाही उठली नाही.

फाल्गुनाची अमावास्या आली. तिनं शेंदूर लावला, आणि पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभारून लोक आपणहून तिच्या अंगणात जमले. तोंडं मोकळी झालेली, मग काय विचारता! कुणी म्हणे दिवे सात होते, कुणी म्हणे नऊ. कुणाच्या बैलानं दावं तोडलं होतं. महिनाभर पोटात दाबलेलं सगळं बाहेर आलं. कडुलिंबाचा पाला चघळत लोक चक्क हसत होते. गोजाबाईनं कुणाला दोष दिला नाही. तशीच सगळ्यांना घेऊन पायी चाकणला निघाली. वाटेत तिनं अंबुबाईला सांगितलं की सयाजी सुटला की त्याला आधी न्हाऊ घालायचं.

यशवंतराव निघायच्या तयारीत होते. त्यांनी सामान खाली ठेवलं आणि सगळ्यांचे जबाब घेतले. दिवे झाले. सुटलेला दिवाही झाला.

"टेकाडामागं उतरला म्हणता. गंजीवर पडताना कुणी पाहिला?"

टेकाड आड होतं. कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

"मग तो गंजीवरच पडला हे कशावरून? तिथं कोण होतं?"

"आबाजी हुता," गोजाबाई म्हणाली. "त्यानं सांगितलं की ओरडून! वरनं आग पडली म्हनून. सगळ्यांनी ऐकलं. सांगा की सायबाला."

आणि तिथं सगळं थांबलं. मघापासून एकमेकांच्या तोंडातला शब्द ओढून बोलणारी माणसं, पण आता कुणी तोंड उघडेना. आता शपथ नव्हती. पण हाक ऐकली म्हणायचं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: ऐकलीत, मग गेला का नाहीत? आबाजी कुणाचा चुलता, कुणाचा आजा. त्याचं तेराव्याचं जेवण सगळे जेवून आलेले.

"मी न्हाई ऐकली," एकजण म्हणाला.

"वारं उलटं हुतं," रंगराव म्हणाले.

गोजाबाईनं अंबुबाईचा हात धरला. दोघींच्या घरांत एकच भिंत. "अंबू, तू तरी. तुझी पोरं रडायला लागली हुती ती हाक ऐकून. मला ऐकू येत हुतं." अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिनं नुसती मान हलवली. नाही.

यशवंतराव गोजाबाईकडे वळले. "तुम्ही ऐकलीत?"

"व्हय. तीनदा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दार लावून बसले," ती म्हणाली. "पोरगं जात हुतं, त्याला जाऊ दिलं न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं. त्यांचाही नाइलाज होता. हाक ऐकणारी पुन्हा तीच, आई. अहवालात आलं ते इतकंच, की दिवे दिसले, ते कशाचे ते कळलं नाही, आणि जमिनीवर काही पडल्याचा पुरावा नाही. सयाजीला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी आईला बघून तो एवढंच म्हणाला, "आई, तू मला आडवलं नसतंस तर आज्जा वाचला असता गं." स्वतःबद्दल बोललाच नाही. तिनं त्याच्या तोंडावरून फिरवायला हात पुढं केला, पण शिपायानं त्याला नेलं.

येरवड्यात दुसऱ्याच पावसाळ्यात सयाजी तापानं गेला. कुणी म्हणालं, वेताळाची शपथ मोडली त्याचं फळ. गोजाबाईनं ते ऐकलं आणि सेवा रंगरावांच्या दारात नेऊन टाकली, शेंदराच्या डबीसकट. मग घरी येऊन पहारीनं दाराच्या फळ्या उचकटल्या, अडसर काढला, आणि सगळं डोक्यावरून नेऊन टेकाडामागं टाकून आली.

त्या सांजेला रंगराव आले. चौकटीबाहेर उभे राहून म्हणाले, "वैनी, येडेपणा करू नका. एकटी बाई, बिनदाराचं घर. रातीबेराती कुणी आत शिरलं म्हंजे?"

गोजाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"शिरू दे," ती म्हणाली. "कुणी हाक मारली तर आता मधी दार न्हाई."

रंगराव घरी गेले आणि त्यांनी आपलं दार लावून घेतलं.