डाव्या डोळ्यातला काळोख

आधीच सांगते, भुताखेतांच्या बाबतीत माझ्याइतकी उद्धट बाई शोधून सापडायची नाही. तिठ्यावर उतारा दिसला की सासूबाई लांबून वळसा घालायच्या आणि मी तो सरळ ओलांडून ड्युटी गाठायचे. इथले अनुभव वाचतानाही बऱ्याचदा हसूच येतं मला... तरी आज स्वतःचा लिहायला बसलेय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पालघरच्या एका इस्पितळात मी नेत्रविभागात टेक्निशियन होते. नेत्रदानात मिळालेले डोळे बाटलीतून माझ्याकडे यायचे. डार्करूममध्ये स्लिट लॅम्पच्या उजेडात मी त्यांचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, तपासायचे. त्याचा आतला थर धड असेल तर डोळा पास, नाहीतर नापास. नापास डोळा फॉर्मेलिनच्या बरणीत घालून शिकाऊ डॉक्टरांसाठी लोखंडी कपाटात ठेवायचा. शेवटचा शब्द डॉक्टरांचा, पण बहुतेक वेळा ते माझंच ऐकायचे.

नवापूरची जाईमावशी बोईसरच्या बाजारात मासे विकायची. तिची एकुलती एक मुलगी कमळ तारापूरला एका कारखान्यात पॅकिंगला होती. लहानपणापासून हृदयाची झडप खराब... विशी उलटली आणि गेली. ‘माझे डोळे द्यायचे’ असं तिने आईला आधीच बजावून ठेवलं होतं. भाऊबंदांनी थयथयाट केला, पुढच्या जन्मी पोर आंधळी होईल म्हणाले. मावशीने कुणाला जुमानलं नाही. पोरीचे डोळे तरी जिवंत राहतील, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

उजवा डोळा उत्तम निघाला. डावा वरून तितकाच लख्ख — पण लॅम्पखाली धरला तर आतल्या थरावर सगळीकडे बारीक काळे ठिपके. इतक्या तरुण मुलीत असं का, ते डॉक्टरांनाही कळेना. उजवा एका बाईला बसवला, डावा कपाटात गेला. हे मी आणि डॉक्टर सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांना आम्ही एवढंच कळवायचो की डोळे पोचले.

काही दिवसांनी मावशी इस्पितळात आली. डार्करूमच्या दाराशीच उभी राहिली.

“शिस्टर, एकच डोला लागला ना गो?”

इस्पितळातली प्रत्येक बाई तिच्या लेखी शिस्टर. मी विचारलं, “कोण म्हणालं तुम्हाला?”

“कमल. रोज पहाटं सपनात येते. डाव्या डोल्यावर हात धरून बसते. बोलते, आये, उजव्यानं दिसतं गो, डाव्यात निस्ता कालोक हाय.”

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. डोळा आतून खराब होता मावशी, बाहेरून कळण्यासारखा नव्हताच.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “उभा जलम मावऱ्याचा डोला बघून ताजं का शिलं ते सांगतेय मी. माज्या पोरीचा डोला नाय कलला मला.” आणि अशी रडली... ते मला आजही लिहवत नाही.

उठताना तिने विचारलं, “कुटं ठेवलाय त्यो?”

मी कपाट दाखवलं.

“आत उजेड नाय? मंग भायेर काड ना गो. कालोकाला जाम भिते माजी पोर.”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ठेवा बाहेर, काय बिघडतंय. मी बरणी बाहेरच्या खोलीतल्या खिडकीच्या फळीवर उजेडात ठेवली. मावशीने लांबूनच हात जोडले आणि गेली. मलाही बरं वाटलं.

डॉक्टरांचं म्हणणं, आईचं मन, केला असेल अंदाज. एक डोळा वाया गेला हा अंदाज असेलही... पण नेमका डावाच? याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. आणि खरं सांगू? मला आता त्या उत्तराची तितकी पडलेलीही नाही. मनातून जात नाही ते त्यानंतरचं.

पुढे एकदा बोईसरला गेले, तेव्हा मुद्दाम मावशीच्या टोपलीपाशी थांबले. ती फार वाळली होती. मीच विषय काढला, “आता काय म्हणते कमळ? दिसतं ना दोन्ही डोळ्यांनी?”

“नाय येत ती,” मावशी म्हणाली. “बरनी भायेर काडलीस ना, तवापासनं एकदा पन नाय आली.”

“सुटली असेल मावशी. चांगलंच झालं की.”

“हां. चांगलंच झालं.” तिने टोपलीवरच्या माश्या हाकलल्या. मग शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकून म्हणाली, “कालोकात व्हती तवा माज्याकडं येत तरी व्हती... परत आत ठेवतेस का गो बरनी?”