मी गाळलेलं एक वाक्य

माझी मोठी बहीण नवेगाव बांधजवळच्या एका गावात राहते. आम्ही तिला बाई म्हणतो. मी गोंदियात एका शाळेत विज्ञान शिकवते. बाईने छातीतली गाठ पाच महिने अंगावर काढली आणि ती माझ्यामुळे काढली. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे.

झालं ते असं. तिच्या गावच्या बचत गटाने मला उन्हाळ्यात आहारावर बोलायला बोलावलं. समाजमंदिरात सतरंजीवर तीसेक बायका बसल्या होत्या. मी शाळेतले तक्ते नेले होते. टोमॅटोला लाल करणारं द्रव्य, हळदीला पिवळं करणारं, लसणाला उग्र वास देणारं. झाड किडीपासून, उन्हापासून स्वतःला वाचवायला ही द्रव्यं तयार करतं. आपण ती वर्षानुवर्षं जेवणातून खाल्ली तर आपल्यालाही उपयोगी पडतात, प्रतिकारशक्तीला हातभार लावतात, असं मी सांगत गेले. मग म्हणाले, "हळदीतल्या द्रव्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात."

टिपणात त्यापुढे एक वाक्य होतं. हे प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलं आहे; खाल्लेल्या हळदीतलं ते द्रव्य रक्तात फारच थोडं उतरतं. ते मी वाचलं नाही. तोवर बायकांची चुळबूळ चालली होती आणि 'मरतात' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना वर आल्या. मला ते आवडलं. बाई पहिल्या रांगेत होती. धाकटी बहीण बोलते आहे, म्हणून कौतुकाने आजूबाजूला बघत होती.

त्यानंतर मी तिच्या घरी गेले ती थेट दिवाळी झाल्यावर. धानाची कापणी सुरू होती, घरात ती एकटीच होती. पेल्यात हळद आणि मिरपूड कालवत बसलेली. तिची बोटं पेरापर्यंत पिवळी झाली होती.

"सर्दी झाली काय?" मी विचारलं.

"नाही वो."

"मग एवढी हळद काऊन?"

ती उठली, दार लोटून आली आणि माझा हात धरून तिने स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ कडक होती, कच्च्या बोराएवढी. मी हात मागे घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "केव्हापासून आहे?"

"आषाढापासून."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

"कायले सांगू? तूच त बोलली होती, हळदीनं मरते म्हणून. मी रोज घेऊन राहिली ना. लसूण बी खातो, मुनग्याचा पाला बी खातो. दुखत त काही नाही."

ती हे मला धीर देण्याच्या सुरात सांगत होती. मी तिथेच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी तिला गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या आणि आठवड्याभरात आम्ही नागपूरला होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "गाठ कधी लक्षात आली?"

"महिना झाला असंल," बाई म्हणाली. टेबलाखाली तिने माझं मनगट दाबलं.

"महिन्याभराची वाटत नाही."

बाईने माझं मनगट सोडलं नाही.  बहीण विज्ञानाची मास्तरीण, आणि तिचं ऐकून ही घरी बसली, हे परक्या माणसापुढे यायला नको म्हणून ती खोटं बोलली होती. मी ते तसंच राहू दिलं.

उपचार सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी खाण्याचं समजावलं. भाज्या खा, पण शिजवून. कच्चे रस नकोत, या औषधांनी शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. हळदीच्या पुड्या, गोळ्या बंद. भाजीत पडते तेवढी पुरे. "चांगलं खाल्लं तर अंग उपचार सोसतं," त्या म्हणाल्या, "पण गाठीला औषधच लागतं."

बाहेर बाकावर बसल्यावर बाईने विचारलं, "मंग मी एवढे महिने फुकटच प्याली काय?"

"जेवणातली हळद चांगलीच आहे, बाई. पण ते औषध नाही."

"मंग तवा काऊन नाही सांगितलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "विसरली."

केमोने तिचे केस गेले, तोंड आलं, आवडीची काटवलाची भाजीसुद्धा ती समोरून उचलायला लावायची. मग ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. लवकर आली असती तर ते टळलं असतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारायला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा औषधाच्या वेळा विचारून परतले.

तिची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहायची. एका दुपारी बाईच्या उपचारांची फाईल लावता लावता ती म्हणाली, "मावशी, इथं महिना लिहिला आहे. आईले खरंच महिन्यापूर्वी समजलं होतं?" मी तिला सगळं सांगितलं. टिपणातल्या त्या ओळीसकट.

तिने फाईल मिटली. मग म्हणाली, "आई तुझ्यासाठी खोटं बोलली. अन् तू तिले बोलू देलं." चार दिवसांत ती मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. मी नेलेला डबा तिने दारातूनच परत केला.

आता दर काही महिन्यांनी तपासणी असते. आजवरचे रिपोर्ट चांगले आले आहेत. काखेतल्या गाठी काढल्या त्या बाजूचा हात मात्र सुजतो, म्हणून यंदा धानाच्या रोवण्याला बाई बांधीतल्या चिखलात उतरली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून इतर बायकांना रोवताना बघत होती.

"पोरगी तुझ्याकडून काऊन गेली वो?" तिने विचारलं. "तुमचं भांडण झालं काय?"

"परीक्षा जवळ आहे," मी म्हणाले. "तिथं अभ्यास चांगला होते."

"असं होय," ती म्हणाली, आणि मला बसायला जागा करून देत थोडी सरकली.