डॉक्टरांचं उत्तर

“तिलेच बसवा फोनवर. इंग्रजी शाळेत शिकली, अन् बोलतेबी कमी. नको ते तोंडातून निंघणार नाही,” मोठी आई स्वयंपाकघरात माझ्या आईला माझ्याबद्दल सांगत होती. मी दाराबाहेरच थांबले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठ्या आईचे नवरे. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि ते त्यांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना ‘आतड्याला सूज’ एवढंच सांगितलेलं. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाने रिपोर्ट त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरांना दाखवले आणि सकाळी साडेसातचा व्हिडिओ कॉल ठरवला. बापाशी खोटं बोलणं आपल्याला जमणार नाही म्हणून तो स्वतः कॉलवर आला नाही.

मोठे बाबा माझ्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी आधी मलाच इंग्रजीत विचारलं, “यांना माहीत आहे का?”

मी इंग्रजीत खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मी नवीन होतो तेव्हा आम्हीही असंच करायचो. मुलाला बाजूला घेऊन सांगायचं आणि पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. लोकांना डॉक्टर धीर देणारा हवा असायचा. पुढे पेशंटच विचारू लागले, शरीर माझं, मग मलाच का सांगितलं नाही? आज मी लपवलं तर मला कुणी डॉक्टर म्हणणार नाही.”

“काळजी करू नका म्हणतात,” मी मराठीत सांगितलं.

“एवढा बोलला न् बाई तो! अन् तू दोनच शब्द सांगतले?” मोठे बाबा हसले. मग म्हणाले, “त्यायले विचार, खालच्या वावरात संत्रा लावू का? पाच वर्सांनी फळ येते.”

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. प्रश्न मी जसाच्या तसा पोचवला. डॉक्टरांनी चष्मा काढला. “पाच वर्षं नाही. कदाचित एक. हे त्यांना सांग, मग लावायचं की नाही ते तेच ठरवतील.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“लावा म्हणतात,” मी म्हणाले.

त्या दिवशी ते अर्धी भाकरी जास्त जेवले. मोठ्या आईने माझ्या गालावरून हात फिरवला, “शहाणी माही बाय.” मला जेवण गेलं नाही. लपवायला मला सांगितलं होतं, पण ‘लावा’ म्हणायला कुणीच सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी ते मला वावरात घेऊन गेले. खड्ड्यांसाठी स्वतःच चुन्याच्या खुणा करत होते. दर दोन-तीन खुणांनंतर पोट धरून उभे राहायचे, मग पुढे सरकायचे.

“डॉक्टर म्हणला म्हणून हिंमत केली पोरी, नाहीतर सोयाबीनच पेरलं असतं. चाल, कलमं सांगून येऊ नर्सरीत.”

मी जागची हलले नाही. त्यांनी वळून पाहिलं.

“मोठे बाबा, डॉक्टर लावा म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले.”