कौंडण्यपूरहून भरल्या ओटीनं

आमच्या बोलपट कंपनीत बंडोपंत पाट्या रंगवतात. चित्रपट सुरू होताना पडद्यावर जी नावं येतात ती सगळी त्यांच्या हातची. कंपनी वऱ्हाडात बाहेरच्या चित्रणाला निघायच्या आदल्या दिवशी ते कागद घेऊन प्रत्येकाकडे फिरले. दिग्दर्शक नानासाहेब, कॅमेरावाले भास्करराव, आवाज मुद्रित करणारे, फिल्मचे तुकडे जोडणारे, रंगभूषावाले, नेपथ्याचे सुतार, अशी सगळ्यांची नावं आडनावासकट उतरली. मी कपडेपट सांभाळते. मला सगळे काकी म्हणतात, पण पाटीवर ‘काकी’ लिहिलंत तर तुमच्या धोतराला खळ मिळणार नाही, असं मी पंतांना बजावलं.

आमची नायिका यमुना. तिच्यापाशी येऊन पंत अडले. ती म्हणाली, नुसतं यमुना लिहा. पंत म्हणाले, नायिकेचं नाव अर्धं कसं लिहू, जागा सोडून ठेवतो, परत आल्यावर सांगा. ती हसली खरी, पण त्यानंतर तिनं समोरचा चहा घेतला नाही. यमुनेची आई साताऱ्याकडे बैठकीत गाते. त्या घरातल्या मुली लग्न होऊन सासरी जात नाहीत आणि बापाचं नाव कुणी सांगत नाही. कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. पंतांना तेवढी पोच नाही.

बोलपट रुक्मिणीच्या लग्नाचा होता. राजकन्या देवळातून निघून रथात बसते तो प्रसंग तिच्या माहेरी, खुद्द कौंडण्यपुरातच घ्यायचा, असा नानासाहेबांचा हट्ट. स्टुडिओत पुठ्ठ्याचं देऊळ तयार होतं, तेही आमच्या सुतारांनी झकास केलेलं. पण हट्टापुढे कोण बोलणार?

पुण्याहून जाणाऱ्यांनी मनमाडला गाडी बदलावी आणि भुसावळला पोटभर खाऊन घ्यावं, पुढे फलाटावर बरं काही मिळत नाही. तिसऱ्या वर्गात कपड्यांच्या पेट्यांवर बसून मी अकोल्यापर्यंत आले. अकोल्यात आमचा मुक्काम घोड्यांसाठी. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपली पांढरी जोडी रथासाठी दिली होती. दिवस थंडीचे, कापसाच्या गाड्यांची रांग बाजारापासून थेट स्टेशनापर्यंत, आणि हवेत इतकी रुई की माझ्या काळ्या शालीची पांढरी झाली. खानावळीतलं वरण गोड असेल अशा समजुतीनं आमच्या रंगभूषावाल्यांनी भातावर भरपूर ओतून घेतलं आणि मग डोळे पुसत जेवले. तिकडे जाल तर ताकाचा पेला आधी मागून ठेवा.

बडनेऱ्याला उतरून अमरावतीला गेलो. तिथं अंबादेवीचं दर्शन चुकवू नये. देवळातल्या गुरुजींनी आम्हाला ऐकवलं की रुक्मिणीचं हरण झालं ते इथूनच, कौंडण्यपुरात नव्हे. ऐकून घ्या, नमस्कार करा, पण पुढे कौंडण्यपुरात हा विषय काढू नका. आम्ही काढला आणि संध्याकाळभर बोलणी खाल्ली.

अमरावतीहून नागपूरच्या सडकेनं मोझरीवरून तिवशापर्यंत मोटारलॉरी मिळते. पुढे बैलाची बंडी. भाडं आधी ठरवावं, आणि खाली कडबा जास्त घालून घ्यावा, कारण काळ्या मातीतल्या वाळलेल्या चाकोऱ्या हाडं मोजून घेतात. दोन्ही बाजूंना तूर फुलात होती आणि बाया कापूस वेचत होत्या. कॅमेरा आपल्या मांडीवर घेऊन भास्करराव तान्ह्या पोराच्या आईसारखे बसले होते.  वाटेत यमुना एकदाच म्हणाली, "काकी, या गावात मला कुणी विचारलं की तुझं गाव कुठलं, तर तुम्हीच काहीतरी सांगा."

कौंडण्यपुरात वर्धा नदीच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही बायका उतरलो. घरची बाई सगुणाबाई, पन्नाशीची, आवाज खणखणीत. पुण्याच्या कानाला वाटावं की ही भांडतेच आहे, आणि तेवढ्यात ताटात वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि तिसरी भाकरी पडलेली असायची. नको म्हटलं की राग यायचा.

पहिल्या दिवशी दुपारी राजकन्या अंबिकेच्या देवळातून पायऱ्या उतरते एवढं चित्रण झालं आणि ऊन गेलं. रथाकडे धावण्याचा भाग दुसऱ्या दिवशी, ऊन त्याच जागी आल्यावर घ्यायचा ठरला. पडद्यावर मात्र हे एका क्षणात घडणार. म्हणजे काल पायऱ्यांवर जशी होती तशीच ती आज धावली पाहिजे, बांगडी इकडची तिकडे चालणार नाही. हे सांभाळणं माझं काम, आणि त्या बाबतीत मी फार खडूस आहे. झोपायच्या आधी मी यमुनेच्या शेल्याची घडीसुद्धा डोक्यात घोकत होते.

तेव्हा सगुणाबाईनं विचारलं, उद्या काय करणार? मी सांगितलं, लेक रथात बसून जाते. तिची ओटी कोण भरतं? मी म्हटलं, कुणी नाही, ती लपून जाते. सगुणाबाई कंदील घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडे जुंपलेले, चांदीचा कागद चिकटवलेले पत्रे धरून पोरं यमुनेच्या तोंडावर उजेड पाडतायत, ध्वनीवाले ओरडतायत की बैलांच्या घंटा थांबवा, आणि देवळाकडून पाच-सहा बाया सुपं घेऊन आल्या. सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, हिरवा खण. पुढे सगुणाबाई. यमुनेला काय चाललंय ते कळलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"माझी ओटी नका भरू," ती म्हणाली. "माझी आई बैठकीत गाते. बापाचं नाव मला माहीत नाही. आमच्या घरात कुणी कुणाची ओटी भरत नाही."

एवढं तिनं सगळ्यांसमोर, भर उन्हात सांगितलं. देवीचं काम असल्या बाईनं करायचं का, असं गावानं म्हटलं असतं तर रथ तिथंच राहिला असता आणि यमुनेनं आयुष्यात पुन्हा मान वर केली नसती. बायांमध्ये कुजबूज झाली. एक जण आपलं सूप घेऊन खरंच निघून गेली. नानासाहेबांचा चेहरा पडला.

सगुणाबाईनं जाणारीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्या तुले बापाचं नाव इचारलं काय?" ती म्हणाली. "या देवळातून जाते ते आमची लेक. रिकामी काहून जाशीन? पदर पुढं कर."

यमुनेनं पदर पुढे केला. थोडे गहू खाली सांडले. सगुणाबाईनं ते वेचून पुन्हा ओटीत घातले आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मला रडू आलं. कपडेपटवालीनं नायिकेच्या शेल्याला डोळे पुसू नयेत, पण मी पुसले.

मग नानासाहेब हळू आवाजात मला म्हणाले की ओटी आता काढून घ्या. काल पायऱ्या उतरताना ती रिकामी होती आणि आज भरली दिसली तर सगळं थिएटर हसेल. त्यांचं बरोबर होतं, माझ्याही तोंडी रोज हेच असतं. यमुना नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पदराचं टोक वळून तिच्या कमरेला खोचलं, वरून शेला घेतला, एक चुणी जास्त घातली आणि कुंकू कालच्याइतकंच राहील असं पुसून घेतलं. तिला म्हटलं, "एक हात पोटाशी धर आणि धाव. एक दाणा पडता कामा नये."

ती धावली. रथ नदीच्या उतारापर्यंत गेला. भास्कररावांनी मान डोलावली, पण नानासाहेबांची सवय आहे, ते म्हणाले, पुन्हा एकदा घेऊ. सगुणाबाई रथाच्या वाटेत उभी राहिली.

"ओटी भरल्यावर लेक मागं फिरत नाई," ती म्हणाली. "तुमचं काय असन ते पोरीले सोडून करा."

नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एकदाच घेतलेलं चित्रण मंजूर केलं. आम्ही यमुनेला तशीच बंडीत बसवून गावाबाहेर काढली आणि मागचं सामान पेट्यांत भरून संध्याकाळी तिला गाठलं.

पुण्याला आल्यावर तिनं त्या गव्हाची खीर केली. ओटीतले मूठभर गहू, आणि कंपनी केवढी. तरी तिनं एकेकाला बोलावून हातावर चमचा-चमचा दिली. भास्करराव, सुतार, रंगभूषावाले, ध्वनीवाले, पत्रे धरणारी पोरं, सगळ्यांना. खणाची चोळी मी शिवून दिली. शेवटी बंडोपंत खीर घ्यायला आले आणि हात धुता धुता त्यांनी विचारलं, ती जागा अजून मोकळीच आहे, काय लिहू? यमुनेनं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मानेनं हो म्हटलं. तेवढी पोच त्यांना त्या दिवशी आली.

चित्रपट लागला त्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी डोक्यावरून पदर घेऊन मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. वऱ्हाडच्या त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर पेट्यांत अकोल्याची रुई अजून निघते, जवसाची चटणी मी घरी करते आणि ती तशी होत नाही. बाकी जे उरलं ते पडद्यावर आहे. राजकन्या धावताना एक हात पोटाशी धरते. लोक म्हणतात, काय अभिनय केला आहे, जीव मुठीत धरून पळते. जाऊन बघा तुम्हीही, शेल्याला एक चुणी जास्त आहे.

त्या दिवशी पाट्या सुरू झाल्या. अंधारात मोठ्या अक्षरांत आलं, यमुना कौंडण्यपूरकर. आमच्या पुढे बसलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, ही वऱ्हाडातली दिसते.

यमुना पुढे वाकली आणि त्या अनोळखी बाईला म्हणाली, "हो. माहेर आहे माझं तिथं."