शिरस्तेदारांचा रविवार

सोलापुरात डोकं दुखणं ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. फेब्रुवारी सरला की इथलं ऊन गावातल्या प्रत्येकाचं डोकं एकदा तरी दुखवून जातंच. पण डोकेदुखीची रीतसर चौकशी लावणारा, साक्षीपुरावे गोळा करणारा आणि एकेका संशयिताला घराबाहेर काढणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे गृहस्थ कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे तिथल्या सगळ्या कारकुनांचे मुख्य. न्यायाधीश बदलून जायचे, वकील म्हातारे व्हायचे, शिरस्तेदार तेच. पेठेत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्यांची बायकोसुद्धा तिसऱ्या माणसाशी बोलताना ‘आमचे शिरस्तेदार’ म्हणायची.

दुखणं अर्धशिशीचं होतं. डावी बाजूच दुखायची, आणि दुखण्याआधी अर्धा तास त्यांच्या डोळ्यांपुढं एक चमचमणारी वाकडीतिकडी रेघ यायची. चादरीच्या काठाला करवतीसारखी नक्षी असते ना, तशी. “मास्तर, चादर आली,” असं ते मला गंभीरपणे सांगायचे, आणि ते ऐकलं की आजूबाजूच्या चार घरांनी आवाज बंद करायचे हा आमच्याकडं नियमच होता. मग त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा, खिडकीवर कांबळं चढायचं आणि काकू, म्हणजे शिरस्तेदारांची बायको, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून दाराशी पहाऱ्याला बसायच्या. संध्याकाळी शिरस्तेदार पुन्हा उगवायचे ते दोन भाकऱ्या खाऊन, ताजेतवाने, आणि नव्या संशयिताचं नाव घेऊन.

पहिला आरोपी अर्थात ऊन. पण आठवड्याचे सहा दिवस त्याच उन्हातून सायकल मारत ते कोर्टात जायचे आणि काही होत नसे. ऊन निर्दोष सुटलं. मग शेंगाची चटणी. सोलापुरात राहून शेंगाच्या चटणीवर आरोप करायला छाती लागते. ती शिरस्तेदारांकडं होती. दोन महिने त्यांच्या घरात शेंगाचं कूट आलं नाही आणि डोकं दुखायचं ते दुखलंच. मग शिकेकाई, मग शेजारच्या देवळातला धूप, मग वर्तमानपत्रातला बारीक टाइप. वैराग बाजूच्या कुणा वैद्यानं सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायला सांगितली होती. तिचा गुण आला नाही, पण ती मात्र त्यांनी पुढं सात-आठ महिने सोडली नाही. एकदा पाळी माझ्या रेडिओवर आली. रविवारी सकाळी मी निवांत गाणी ऐकत बसलो असताना ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, पुढचे चार रविवार तुमचा रेडिओ चौकशीसाठी बंद राहील.” मला मनस्वी राग आला. रविवारच्या गाण्यांवरच तर माझा आठवडा निघायचा! पण माणूस इतका गरीब चेहरा करून उभा होता, की मी बंद ठेवला.

या साऱ्यात बामच्या बाटलीचा एक उपखटला होता. शिरस्तेदारांचा हिशोब असा, की आपण बाम लावतो तो इतका-इतका, तेव्हा बाटली दोन महिने पुरली पाहिजे. ती एका महिन्यातच तळाला जायची. दुकानदार बाटली पुरती भरत नाही, असा निकाल देऊन त्यांनी तीन दुकानं बदलली. तिसऱ्या दुकानदाराला तर त्यांनी बाटली उजेडात धरून उलटतपासणी घेतली होती. बिचारा म्हणाला, “साहेब, बाटली कंपनीतनं भरून येतीय की! मी हितं फक्त इकतो.” शिरस्तेदारांनी त्यालाही संशयाचा फायदा दिला नाही.

खरा आरोपी सापडला तो एका पेन्सिलीमुळं. डोकं दुखलं की किराणा दुकानाच्या फुकट कॅलेंडरवर त्या तारखेभोवती ते कोर्टातल्या तांबड्या पेन्सिलीनं गोल करायचे. वर्षानुवर्षं करायचे. एकदा तांबडी पेन्सिल संपली म्हणून तीन महिने निळी वापरली, आणि एके संध्याकाळी भिंतीकडं बघताना त्यांना दिसलं की सगळे निळे गोल एकाच रांगेत बसले आहेत. रविवारच्या. रविवारच्या तारखा मुळातच तांबड्या छापलेल्या. त्यांच्यावरचे तांबडे गोल इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांत भरलेच नव्हते. ते धावत माझ्याकडं आले. मी धावत कॅलेंडर बघायला गेलो. काकू भाकरी थापत होत्या, त्या वळल्यासुद्धा नाहीत.

“मला ठावं होतं की,” त्या म्हणाल्या. “आठवडाभर पहाटं उठायचं, आन् रविवारी गिरणीचा भोंगा न्हाय म्हणून नऊपतोर निजायचं. च्या उशिरा, जेवण उशिरा. दुखंल न्हाय तर काय?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुमी इचारलं कुटं?”

डॉक्टरांनीही पुढं हेच सांगितलं, फक्त त्याचे पैसे घेतले. ते म्हणाले, झोप जास्त झाली, नेहमीचा चहा चुकला, पोट रिकामं राहिलं, आठवडाभर ताणलेला माणूस एकदम सैल पडला, की अशी डोकी दुखतात. शिरस्तेदारांनी त्यातला तेवढाच अर्थ घेतला जेवढा त्यांना पेलणार होता. त्यांनी रविवार रद्द केला. आता सातही दिवस साडेपाचला उठायचं, सहाला चहा, दहाला गरम भाकरी, साडेदहाला काळा कोट आणि टोपी घालून सायकलवर टांग. रविवारी भोंगा नसतो, म्हणून काकूंनाच भोंगा व्हावं लागलं. त्या साडेचारला उठून चूल पेटवायच्या आणि बरोबर साडेपाचला त्यांच्या उशाशी तांब्या आदळायच्या. रविवारी बंद कोर्टाच्या आवारात लिंबाखाली शिरस्तेदार बसायचे, दोन वाजता डबा खायचे, साडेपाचला परत. नुसतं बसून चालेना, काम पाहिजे, म्हणून आम्हा शेजाऱ्यांना आळीपाळीनं तिथं तक्रारी घेऊन जावं लागे. कोळसेवाल्याची शिडी मी परत दिली की नाही, याची सुनावणी पाच रविवार चालली होती. आणि खरं सांगतो, डोकं दुखायचं थांबलं! मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली, की सुट्टीतल्या कामासाठी ते आपण होऊन नाव द्यायचे आणि बाकीचे कारकून त्यांना आशीर्वाद देत गावाला जायचे.

असं सगळं बेतात बसलं असताना त्यांची निवृत्ती दिसू लागली. ती जवळ आली तसे शिरस्तेदार वाळायला लागले. एकदा माझ्या पायरीवर बसून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, निवृत्ती म्हणजे काय, तुमच्या लक्षात येतंय का? रोज रविवार. आज रविवार, उद्या रविवार, मरेपर्यंत रविवार.” मी हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून माझं मलाच वाईट वाटलं. माणूस खरोखर घाबरला होता. त्यांनी चार-पाच वकिलांकडं बिनपगारी बसण्याची परवानगी मागितली. त्यांच्या शिस्तीला भिऊन कुणी दिली नाही. निरोपसमारंभात तर वैऱ्यानं बेत करावा तसं सगळं जमून आलं. गळ्यात निशिगंधाचा घमघमता हार, डोळ्यांसमोर फोटोवाल्याचा झगझगाट, भाषणं लांबल्यानं जेवणाची वेळ टळलेली. शनिवारी संध्याकाळी ते घरी आले ते डावा डोळा बारीक करूनच. रविवार अंधाऱ्या खोलीत गेला.

सोमवारी सकाळी मात्र ते कोट-टोपी घालून बाहेर पडले. रविवारी जमत होतं, ते रोज का जमू नये, असा त्यांचा विचार. दुपारी बाराच्या सुमाराला सकाळची शाळा संपवून मी आलो, तर हे आपल्या पायरीवर कोटासकट उन्हात बसलेले. हातात बामची बाटली.

“मास्तर,” ते म्हणाले, “बाटलीचा चोर सापडला.”

झालं होतं ते असं. ते लिंबाखाली बसले असताना नव्या शिरस्तेदारांनी त्यांना चहा पाठवला. पट्टेवाल्यानं केविलवाण्या नजरेनं नमस्कार केला. तो चहा काही त्यांच्या घशाखाली उतरेना. अर्ध्या तासात ते परत फिरले. घरी आले तर दार लोटलेलं, खिडकीवर कांबळं. आपलं कांबळं आपण नसताना कुणी चढवलं म्हणून ते आत गेले, तर काकू उघड्या फरशीवर पडलेल्या, डोकं पदरानं करकचून आवळलेलं, आणि हाताशी ही बाटली. तीस वर्षांच्या संसारात सोमवारी अकरा वाजता शिरस्तेदार प्रथमच घरात पाऊल टाकत होते.

“मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, लग्न झाल्यापासनं असंल की. मी म्हटलं, मला बोलली का नाहीस?” एवढं म्हणून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काकूंनी काय उत्तर दिलं असेल ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही कळलं.

मग आयुष्यातली शेवटची चौकशी त्यांनी पायरीवर बसूनच केली, आणि साक्षीदार म्हणून मला समोर बसवलं. पहाटे साडेचारचं उठणं कुणासाठी? ओल्या लाकडांचा धूर रोज कोण खातंय? सगळ्यांचं आटोपून, भांडी घासून तिच्या पोटात पहिला घास जातो दोन वाजता. सोमवारी तर उपास. आणि रविवारी जरा अंग टाकायचं, तर तोही दिवस कोर्टाच्या कामाला लावला कुणी? चटणी सुटली, शिकेकाई सुटली, तुमचा रेडिओ सुटला. “आरोपी घरातच होता, मास्तर,” ते म्हणाले, आणि बाटलीचं झाकण फिरवत बसले. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी सातला वर्तमानपत्र मागायला मी त्यांच्याकडं गेलो. आत धूर कोंडला होता. शिरस्तेदार चुलीपुढं उकिडवे बसून फुंकणीनं फुंकत होते, पातेल्यातला चहा उतू जाऊन राखेत मिसळत होता. स्वतःचा सहाचा चहा त्यांना अजून मिळालेला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. डावा डोळा बारीक झालेला.

“चादर आली?” मी विचारलं.

त्यांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला की. ती झोपलीय. आज तिचा रविवार हाय.” आणि मी निघालो तसे माझ्यामागं दारापर्यंत येऊन म्हणाले, “तेवढा रेडिओ बारीक लावा.” आतून काकूंचा झोपाळू, चिडका आवाज आला, “साकु की आता! किती बोलताय?” राग आला की अक्कलकोटकडच्या काकू अशा कानडीवर यायच्या, साकु म्हणजे पुरे. शिरस्तेदार हसले आणि एक डोळा मिटून पुन्हा चुलीकडं गेले.

घरी येऊन मी बायकोला विचारलं, तुझं डोकं कधी दुखतं का गं? तिनं आधी माझ्याच कपाळाला हात लावून बघितला.

पुढं ती दोघं मुलीकडं कुर्डुवाडीला राहायला गेली. जाताना शिरस्तेदारांनी मला ती निळी पेन्सिल दिली. ती कुठंतरी हरवली. दोघंही आता नाहीत. पलीकडच्या घरात नवी माणसं आली, त्यांचा स्वतःचा रेडिओ माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजतो, माझ्यामुळं मोडावी अशी झोप आता भिंतीपलीकडं कुणाची नाही. तरी रविवारी सकाळी गाणी लावली, की आधी माझा हात आवाज बारीक करतो.