काकू, स्विच!
मॉडेमचा लाल दिवा लागला की मला सोनिवलीला राहायचो तेव्हाच्या शेजारच्या काकू आठवतात. नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोन घरांत मिळून एकच नेट घेतलं होतं, आणि वायरमनने मॉडेम त्यांच्या बेडरूमच्या दाराच्या वर, पार छताजवळ ठोकला होता. माझा ऑफिसचा कॉल अडकला की मी भिंतीवर थाप मारून ओरडायचो, "काकू, स्विच!" म्हणजे मॉडेम बंद करून परत चालू करा. थोड्या वेळाने पलीकडून "केलं रे!" यायचं. एकदा ते "केलं" येईना, म्हणून तणतणत त्यांच्याकडे गेलो. घरात करपलेल्या फोडणीचा वास भरला होता, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या काकू डुगडुगत्या स्टुलावर चौकट धरून उभ्या होत्या. "अहो, खाली उतरा ना!" मी म्हणालो. "उतरून परत कोण चढणार? बंद करून जरा थांबायचं म्हणतोस ना, म्हणून दर वेळी वरच थांबते," म्हणत त्यांनी स्विच लावला. घरी येऊन बघतो तर माझ्याच लॅपटॉपचं वायफाय बंद राहिलेलं, मॉडेमला काहीच झालं नव्हतं. भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "आलं का रे?" "आलं, काकू," म्हणालो, आणि स्टूल सरकवल्याचा आवाज ऐकत बसलो. आता माझा मॉडेम हाताशी आहे, तरी नेट गेलं की हात आधी भिंतीकडे जातो आणि तिथेच थांबतो.