मोगऱ्याची घागर

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी भिंगारला शाळेत शिकवत होते आणि एका खोलीत एकटीच राहत होते. आई नुकतीच गेली होती. देवळालीचं घर भावाने विकलं. तिथून मी तिच्या मोगऱ्याची एक फांदी तेवढी आणली आणि मोरीच्या तोंडाशी लावली. राखेने भांडी घासायची आणि ते पाणी झाडाला सोडायचं, ही आईचीच रीत.

फांदी जगली, पण उन्हाळ्यात तिचे शेंडे पिवळे पडायला लागले. मी आणखी राख घातली. शेजारणीने गंजके खिळे पुरायला सांगितले, तेही पुरले. नवं पान आलं ते जवळजवळ पांढरंच. मला फार भीती वाटली. हे गेलं असतं तर माझ्यापाशी आईचं काहीच उरलं नसतं.

शेवटी शाळेच्या म्हाताऱ्या माळ्याला बोलावलं. त्याने शेंड्याचं पान उन्हात धरलं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं मात्र ठीक होती.

"लोखंड मिळत न्हाई त्याला," तो म्हणाला. "जमिनीत हाय, पन ही चुनखडीची माती सोडत न्हाई. वरून तुमची राख, तीबी चुन्यासारखीच. खिळं काय झाड चावून खानार हाय व्हय, बाई?"

आईच्या काळ्या जमिनीला राख पचत होती. मी रीत तेवढी उचलून आणली, माती तिकडेच राहिली. शहाणी मी!

त्याने सांगितलं, तांब्याभर पाण्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट खार, आणि थोडं लिंबू घालून संध्याकाळी पानांना लावा. राखेचं पाणी बंद, चांगलं पाणी घाला. हिराकस बाजारात मिळाला. चांगलं पाणी कुठून आणायचं? टँकरवर माणशी एकच घागर मिळायची.

दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याने विचारलं, घरात किती जण? खोटं बोलल्याबद्दल पोरांना अंगठे धरायला लावणारी मी, सरळ म्हणाले, "दोघी. आई आलीय. आजारी आहे."

रोज संध्याकाळी मी फडक्याने एकेक पान पुसत बसायचे. काही आठवड्यांनी शेंड्याला हिरवं पान आलं. ते कुणाला दाखवावं, असं कुणीच नव्हतं.

सकाळी टँकरवाला दुसरी घागर भरताना म्हणाला, "आईला कसं हाय आता?"

"सुधारतेय," मी म्हणाले.

घरी येऊन घागर मोगऱ्यापाशी टेकवली आणि खूप रडले. आई गेल्यापासून तिची चौकशी करणारा तो पहिलाच माणूस होता.